एकही नर बाहेर गेला नाही

एकतीस वर्षं मी बसस्टँडच्या पार्सल शेडमध्ये माल चढवला आणि उतरवला. माझी पाठ माझ्या दोन वर्षं आधीच निवृत्त झाली. एवढ्या काळात हजारो माणसांची पार्सलं माझ्या हातून गेली. नीट बांधणी येणारी माणसं मात्र एका हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच. त्यातला पहिला पिल्लूतात्या.

हे नाव शेडमधल्या लोकांनी ठेवलेलं. गावाबाहेर त्याची छोटी जागा होती. मागे दोन लांब खुराडी, पुढे दोन खोल्या. एका खोलीत तो आणि त्याची थोरली बहीण राहायचे, तिला सगळे ताई म्हणत. दुसरी खोली उबवणीच्या यंत्राची. माणसांच्या खोलीचं छप्पर गळायचं, यंत्राच्या खोलीचं कधी गळलं नाही.

उबवणीची अंडी पाठवायची असली की तो एकेक अंडं कागदात गुंडाळायचा. निमुळतं टोक खाली. मध्ये लाकडाचा भुसा, दाबून भरलेला. मग खोकं कानाशी धरून हलवायचं. आतून जरा आवाज आला की सगळं उपसून पुन्हा पहिल्यापासून. एकदा त्याने एकच खोकं शेडच्या फरशीवर बसून चार वेळा बांधलं. गाडी गेली. मी म्हटलं, "तात्या, गाडी चुकली ना तुझी."

"गाडी रोज असते," तो म्हणाला आणि सुतळी चावून तोडली.

पिल्लांची तऱ्हा वेगळी. अंड्यातून बाहेर आल्यावर दोन दिवस त्यांना दाणा-पाणी लागत नाही. अंड्यातला बलक पोटात घेऊनच ती जन्मतात, तीच त्यांची शिदोरी. त्या दोन दिवसांतच त्यांना मुक्कामी पोचवायचं. पंचवीस पिल्लं एका खोक्यात, एकमेकांच्या उबेत. बाजूला भोकं. तळाला गवत, कागद नाही. कागदावर पाय घसरतात, कोवळे पाय फाकतात आणि फाकलेले पाय परत जुळत नाहीत. हे मला त्यानेच शिकवलं. खोकं कुठल्या बाजूला धरायचं, गाडीत इंजिनापासून किती लांब ठेवायचं, तेही. त्याच्या खोक्यावर मी कधी दुसरा माल ठेवला नाही.

त्याच्याकडे कोंबड्या दोन जातींच्या होत्या. तांबड्या कोंबड्यांची अंडी तो मागेल त्याला पाठवायचा. दुसऱ्या पट्टेरी. अंगभर राखाडी-पांढरे पट्टे, पाय जाड, अंडी मोठी. त्या आईकडून आलेल्या. आईने सात कोंबड्या आणि एक कोंबडा यांच्यापासून ते घराणं उभं केलं होतं आणि मरताना एकच गोष्ट बजावली होती: माद्या विक, नर विकू नकोस. नर बाहेर गेला की घराणं बाहेर गेलं.

तात्याने ते अक्षरशः पाळलं. पट्टेरीचं अंडं त्याने कधी कुणाला विकलं नाही, कारण अंड्यातून काय निघेल ते सांगता येत नाही. फक्त पिल्लं, आणि तीही माद्याच. पट्टेरी पिल्लाच्या डोक्यावर फिकट ठिपका असतो. मादीचा लहान आणि रेखीव, नराचा मोठा, पसरलेला. तात्या एकेक पिल्लू खिडकीशी नेऊन बघायचा. नर बाजूला. ते घरीच वाढायचे, त्यातले दोन ठेवून बाकीचे कापूनच विकायचे. जिवंत नाही.

ताईला हे पटायचं नाही. "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का रे?" ती म्हणायची.

"आपल्या दारात तरी आपल्याच कोंबड्याने उजाडू दे," तो म्हणायचा.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी पत्रं यायला लागली. पिल्लं मेलेली पोचतात. पंचविसातली पाच, कधी सात. तात्या एका सकाळी शेडमध्ये आला तो थेट माझ्यापुढे. कारकून बसलेला, दोन ड्रायव्हर चहा पीत उभे.

"तू खोकी फेकतोस," तो म्हणाला.

"मी?"

"मग कोण? पंचवीस वर्षं मरत नव्हती, आताच का मरतात?"

ड्रायव्हर हसले. एक म्हणाला, "तात्या, त्याची पाठ बघ. तो स्वतःला उचलतो तेच पुष्कळ आहे."

मला हसू आलं नाही. माझ्या हातून एवढ्या वर्षांत एक काचेची पेटी फुटली होती, आणि तीही आतूनच तडकलेली होती. मी म्हटलं, "पुढचं खोकं कधी आहे?"

"परवा. नर्सबाईंचं."

"ते मी मांडीवर घेऊन जातो."

नर्सबाई म्हणजे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, सात तास लांब राहायच्या. मी रजा टाकली. दोन गाड्या बदलल्या. सात तास खोकं मांडीवर होतं. खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलून धरायचो. शेजारच्या बाईने विचारलं, "आत काय आहे हो, जावईबापू?" माझं लक्ष खोक्याकडे. आतली चिवचिव ऐकत होतो. चौथ्या तासाला ती पातळ झाली.

नर्सबाईंनी ओट्यावर खोकं उघडलं. चार मेलेली. तिघांना उभं राहता येत नव्हतं. त्यांनी एक पिल्लू तळहातावर उलटं केलं, पाय ताणून बघितले, चोच बघितली.

"हे प्रवासाचं नाही," त्या म्हणाल्या. "हे जन्माचं आहे. एकाच घरातल्या घरात लग्नं लावत राहिलं की असंच होतं. त्यांना म्हणावं, बाहेरचा नर आणा."

मी सुटलो, पण आनंद झाला नाही. परत येऊन तात्याला शब्दाला शब्द सांगितलं. ताई चुलीशी होती, ती वळलीसुद्धा नाही. तात्या म्हणाला, "माझी चूक झाली. शेडमध्ये सगळ्यांसमोर बोललो."

"ते जाऊ दे. नराचं बघ."

"बाहेरचा म्हणजे कुठला? पट्टेरी नर माझ्या घराबाहेर आहेच कुठे?"

हे बोलता बोलताच तो उठला. फळीवरून पत्रांचं बाड काढलं. सुतळी सोडली, एकेक पत्र चाळलं आणि एक बाहेर काढून मला वाचायला दिलं. सात वर्षांपूर्वीचं, नर्सबाईंचंच. 'तुम्ही पाठवलेल्या माद्यांतली एक आरवते. काय करू?'

पंचवीस वर्षांत ठिपका ओळखताना तो एकदाच चुकला होता, तो इथे.

"तू काय लिहिलंस?"

"कापा, म्हणून. बदल्यात दोन माद्या पाठवल्या." तो खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. "पण माणसं ऐकतात कुठे? पिल्लांना पहिला दिवस कोमट पाणी द्या म्हणून सांगतो, गार देतात. अंडी आणल्यावर दिवसभर स्थिर ठेवा म्हणतो, त्याच तासाला यंत्रात घालतात. कुणी ऐकत नाही. तिनेही ऐकलं नसेल. हौसेने ठेवला असेल. त्याची पुढची वीण असेल. आपलंच घराणं, पण सात वर्षं बाहेर वाढलेलं."

ताई आता वळली. "आयुष्यभर लोक ऐकत नाहीत म्हणून कुरकुरलास. आता ऐकलं नसू दे म्हणून नवस कर."

दोन दिवसांनी आम्ही दोघं निघालो. तात्याने रिकामी टोपली घेतली होती, झाकणाची, नर आणायला. आत गवतसुद्धा घातलं होतं. गाडीत तो कधी नव्हे इतकं बोलला. त्या नराच्या पोटी झालेल्यांतला एक आणायचा, सहा माद्यांवर सोडायचा, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पिल्लं पुन्हा जोरदार. टोपली त्याने एकदाही खाली ठेवली नाही.

नर्सबाई अंगणातच होत्या. पट्टेरी माद्या भिंतीकडेने चरत होत्या, त्यांच्यात शेजाऱ्याचा एक काळा कोंबडा. तात्याने बसायच्या आधीच विचारलं.

"तो?" नर्सबाई म्हणाल्या. "कापला ना. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात."

तात्याने टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तुमचा शब्द मी कधी मोडलाय का हो?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो रास्त होता. "देखणा होता. कापायला जीव धजत नव्हता. पण तुम्ही लिहिलं होतं, कारण असेल."

"होतं," तात्या म्हणाला.

मग मीच सगळं सांगितलं. त्या ऐकून आत गेल्या आणि बारा अंडी घेऊन आल्या. आपल्या पट्टेरी माद्यांची, बापाच्या जागी तो काळा. "निम्मं रक्त तुमचंच आहे," त्या म्हणाल्या. "यातले नर तुमच्या माद्यांवर सोडा. चार-पाच वर्षांत रूप परत येईल, आणि पाय धड राहतील." त्यांनी अंडी बांधली. कागद, भुसा, निमुळतं टोक खाली. खोकं कानाशी धरून हलवलं. सगळं तात्यानेच कधीतरी पत्रातून शिकवलेलं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख होती.

परतीला खोकं माझ्या मांडीवर होतं, टोपली त्याच्या. त्याने एकदा विचारलं, "दमलास?" मी नाही म्हटलं. मी दमलो होतो.

उबवणीचं अंडं सात दिवस टिकतं. पुढे रोज त्यातला जीव उतरतो, दोन आठवड्यांनी त्याचा भरवसा नाही. हा नियमही त्याचाच. एक दिवस स्थिर ठेवायचं आणि यंत्रात घालायचं. मी तीन दिवसांनी गेलो तर अंडी गार कोनाड्यात फळीवर होती, तात्या खुराडं झाडत होता. म्हणाला, यंत्र स्वच्छ करायचंय. सहाव्या दिवशी गेलो. यंत्र स्वच्छ होतं, चालू होतं, उबदार होतं आणि रिकामं होतं. अंडी फळीवरच.

"आईच्या कोंबड्या आहेत त्या," तो मला पाठमोरा म्हणाला. "निम्म्या नव्हत्या."

"पण तात्या, पूर्ण तरी किती दिवस राहणार?"

त्याने झाडू भिंतीला टेकवला. ताईने मला फाटकापर्यंत सोडलं. "मी दोनदा घालायला गेले," ती म्हणाली. "दारात उभा राहतो. अडवत नाही, नुसता उभा राहतो. मग माझ्याने पाऊल उचलत नाही. आईसुद्धा अशीच उभी राहायची."

मध्ये माझी पाठ धरली, आठवडाभर अंथरुणावर होतो. उठलो आणि सोळाव्या दिवशी गेलो. मला बघून तात्याने फळीवरची बारा अंडी परातीत ठेवली, स्टोव्ह पेटवला, तवा चढवला. मी दारातच थांबलो.

"बस," तो म्हणाला. "जेवून जा."

एकेक अंडं त्याने वाडग्यात फोडलं. मला जवळ बोलावलं आणि बलकाकडे बोट दाखवलं. वर एक बारीक पांढरं कडं होतं. रिकाम्या अंड्यात नुसता ठिपका असतो, कडं असलं तर अंडं भरलेलं, जीव धरलेलं. तेही मला त्यानेच शिकवलं होतं, फार पूर्वी. दुसऱ्यात होतं. तिसऱ्यात होतं.

बाराही फोडून झाली.

"बाराही भरलेली होती," तो म्हणाला. कुठल्याही कामाची पाहणी करून सांगावं तसा. "बाईने चांगली दिली. बांधणी चांगली होती. तूही नीट आणलीस."

मग त्याने मीठ टाकलं आणि काट्याने फेटलं.

ताईने आपली ताटली उलटी ठेवली आणि मागे कोंबड्यांकडे निघून गेली. मी बसलो. सात तास ज्याला खड्डा लागू दिला नव्हता ते माझ्यापुढे ताटलीत होतं. तात्या समोर बसून सावकाश, एकही तुकडा न टाकता, सगळं खात होता. त्याच्या ताटलीतलं संपलं तेव्हा मी माझी त्याच्याकडे सरकवली. त्याने तीही संपवली.