डोळे मिटा, मी जागा आहे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईच्या शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसलो होतो, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं — पण गिळून टाकलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असलात तर निपाणीतले श्वासाचे गुरुजी म्हणून ओळखत असाल, आणि त्या माणसाबद्दल तुमचं मत चांगलंच असणार.

मी आता निवृत्त आहे. रोज सकाळी एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये लोकांना शांत बसायला शिकवतो. तंबाखूचे व्यापारी येतात, बँकेतली माणसं येतात, विड्या वळून वळून मान धरलेल्या बायका येतात. श्वासाकडे बघा, मन पळालं तर त्याच्यावर चिडू नका, हळूच परत आणा. लोकांना बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? खरंच वाटतं. मग कधीतरी कार्यक्रम होतो, शाल-नारळ देतात, आणि कुणीतरी माइकवर सांगतं की भरमाण्णांनी फौजेतल्या पोरांची मनं सांभाळली. मी हात जोडतो आणि खाली बसतो.

पोरांची मनं. बरं — त्यातल्या एका पोराचं सांगतो. पण त्याआधी माझं सांगायला हवं, नाहीतर सगळं त्याच्यावरच जाईल.

मी मूळचा बोरगावचा. जैन शेतकऱ्याचं घर, ऊस, थोडी तंबाखू. फौजेत हवालदार झालो. डोंगरातली लांब ड्युटी करून बेळगावला कॅम्पात आलो, तेव्हा वरून नुकतंच ठरलं होतं की जवानांना मन शांत ठेवायचं शिक्षण द्यायचं. जे सरहद्दीवरून आलेत त्यांना, जे जाणार आहेत त्यांनाही. कुणाला झोप नाही, कुणी घरी फोनवर भांडतोय, कुणी जेवताना उगीच ताट भिरकावतोय. पण शिकवणार कोण? आमचे साहेब उत्तरेकडचे. लंगरमध्ये, म्हणजे आमच्या फौजी भोजनगृहात, माझ्या ताटात मटण नसतं हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणाले, तू तर जैन, ध्यान तुझ्या घरातलंच. घरातलं होतं, ते खरं. आई रोज सामायिकाला, म्हणजे आमच्यातल्या ध्यानाला, बसायची. आणि मी लहानपणी तिच्या पदराचं टोक खाटेच्या पायाला बांधून पळायचो. हे साहेबांना सांगितलं नाही. साहेबांनी कौतुक केलं की ‘जी साब’ म्हणायचं, एवढंच आम्हाला येतं.

मला लांबच्या शहरात प्रशिक्षणाला पाठवलं. एक डॉक्टर बाई शिकवायच्या. बाकी पुष्कळ विसरलो, पण त्यांचं एक सांगणं विसरलो नाही. त्या म्हणाल्या होत्या, ज्यांनी काही वाईट पाहिलंय त्यांना डोळे मिटल्यावर त्रास होऊ शकतो. अशांना डोळे उघडे ठेवू द्या, जमिनीकडे बघू द्या, जबरदस्ती करू नका, आणि त्रास फारच असेल तर डॉक्टरकडे पाठवा. सगळ्या वर्गाला सांगत होत्या, पण मला वाटलं मलाच सांगतायत. कारण पहिल्या दिवसापासून मी डोळे उघडे ठेवूनच बसत होतो.

का? डोंगरातल्या रस्त्यावर आमच्या पुढची गाडी दरीत गेली होती. मी मागच्या गाडीत पुढे बसलेलो. त्या गाडीचा मागचा लाल दिवा वळणावर दिसत होता आणि मग दिसला नाही. आत माझी माणसं होती. डोळे मिटले की तो दिवा दिसतो — आजही दिसतो. हेही कुणाला ठाऊक नाही, पण ही माझी चूक नव्हे. चूक पुढे आहे.

बेळगावला परतल्यावर जुन्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरून वर्ग सुरू केला. आणि बाईंचं ते सांगणं मी गाळलं. विसरलो म्हणू शकलो असतो, पण विसरलो नव्हतो. निम्म्यांचे डोळे उघडे, निम्म्यांचे मिटलेले — साहेब बघायला आले तर काय म्हणतील? मी परेडचा माणूस. रांग सरळ दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. विश्रांतीचीसुद्धा मी परेड करून टाकली. पोरांनी लगेच त्यात चढाओढ लावली, कुठली कंपनी जास्त निश्चल बसते म्हणून. एकजण घोरला, तर त्याला मी मैदानाला चक्कर मारायला लावली. मन शांत ठेवण्याच्या वर्गात! हसा, हसण्यासारखंच आहे.

सुरुवातीला म्हणायचं एक वाक्य मी स्वतः तयार केलं होतं. ‘डोळे मिटा, मी जागा आहे.’ पोरांना ते फार आवडायचं. पहारा करून आलेल्या माणसाला दुसरं कुणीतरी जागं आहे यासारखं सुख नाही. आणि मलाही ते सोयीचं होतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले असले की माझे उघडे आहेत हे कोण बघणार?

परशराम त्या वर्गात आला. जांबोटीच्या पलीकडच्या एका वाडीतला, भाताच्या खाचरांत वाढलेला, बोलायला कमी, हसला की मान खाली घालायचा. सरहद्दीवरून आला होता, पुन्हा तिकडेच जायचा होता. वर्गात तो सगळ्यांत स्थिर बसायचा. माशी नाकावर बसली तरी हलायचा नाही. साहेब पाहणीला आले तेव्हा मी त्याच्याकडे बोट दाखवलं. साहेब खूश झाले. बाहेरून कुणी मोठे अधिकारी आले, त्यांच्यासमोरही मी त्यालाच पुढच्या रांगेत बसवलं. अधिकारी म्हणाले, हा मुलगा बघा, किती शांत.

मी समोरून बघत होतो ना. त्याचं बनियन घामानं छातीला चिकटायचं. बाहेर बेळगावची थंडी, आणि पोरगा भिजलेला. जबडा असा आवळलेला की कानाजवळची शीर वर यायची. ते मला दिसत होतं, आणि ते काय आहे हे त्या हॉलमध्ये फक्त मला कळत होतं. तरी मी त्याला शांत म्हणालो.

एकदा वर्ग संपल्यावर तो हॉलच्या मागे नळाजवळ माझी वाट बघत थांबला. थोडं इकडचं तिकडचं बोलला, मग मूळ गोष्ट सांगितली. पहाऱ्यावर त्याच्या जोडीदारानं त्याला म्हटलं होतं, तू जरा डोळे मीट, मी जागा आहे. त्यानं मिटले. उघडले तेव्हा जोडीदार आडवा झालेला होता. गोळीचा आवाजही यानं ऐकला नव्हता. आता मी वर्गात तेच वाक्य म्हणालो की त्याला तो आडवा झालेला जोडीदार दिसतो. पण हुकूम आहे म्हणून तो डोळे मिटतो.

हे ऐकून मी काय करायला हवं होतं, ते मला शिकवलेलं होतं. अगदी शब्दशः शिकवलेलं होतं.

मग त्यानं विचारलं. बूट जमिनीवर घासत, माझ्याकडे न बघता.

“उस्ताद, एकदा मी डोळं उघडलं तर तुमचं उघडंच होतं. तुमास्नीबी दिसतंय काय?”

आता तुम्हीच सांगा, एवढ्याचं उत्तर द्यायला काय लागतं? व्हय. एवढंच. व्हय रं, मलाबी दिसतंय. त्याला दुसरं काहीच नको होतं. आपण एकटेच मोडलेलो नाही एवढं त्याला ऐकायचं होतं, आणि तेही मी, त्याचा उस्ताद, डोंगर बघून आलेला माणूस सांगेन म्हणून तो नळाजवळ थांबला होता.

“न्हाय रं,” मी म्हणालो, “मला काय दिसत न्हाय. तुमच्यावर ध्यान ठेवाय लागतंय म्हणून उघडं ठेवतो.”

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, डॉक्टरला दाखवू काय? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला — तो हात मला अजून आठवतो, इतका मायेचा — आणि म्हणालो, डॉक्टर कशाला, कागदावर आलं की पोस्टिंग जाईल, बढती जाईल. तू मन लावून बसत जा, आपोआप जाईल ते. एक दिवस चुकवू नको.

का असं केलं मी? साहेबांच्या भीतीनं? थोडं तेही. पण खरं कारण वेगळं आहे, आणि तेच सांगायला इतकं फिरून आलो. आमच्या तुकडीतली माणसं पुन्हा डोंगरात जायची होती. मी वर्ग चालवत होतो म्हणून मला ठेवून घेतलं होतं. परशराम डॉक्टरकडे गेला असता तर विचारणा झाली असती — वर्गात काय शिकवता, डोळे जबरदस्तीनं का मिटवले, स्वतः तुम्ही कसे बसता. वर्ग गेला असता. मला त्या रस्त्यावर परत जावं लागलं असतं. मला ते वळण पुन्हा बघायचं नव्हतं. माझ्या जागी परशराम गेला असं नाही म्हणत. त्याची पलटण वेगळी, तो जाणारच होता. पण मी खाली राहावं म्हणून त्याला तसाच वर जाऊ दिला.

तो गेला. पुढचं मला दुसऱ्याकडून कळलं. तिकडे तो आडवाच होईना. बसून राहायचा, दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घ्यायचा, आणि एका दिवशी उभ्या उभ्याच कोसळला. दवाखाना झाला, महिनोन्महिने झाला, आणि शेवटी त्याला घरी पाठवलं. मी तेव्हा बेळगावातच होतो. भेटायला गेलो नाही.

गेलो ते निवृत्तीनंतर. कशाला गेलो? सांगायलाच गेलो होतो. जांबोटीला उतरल्यावर पुढे गाडी नव्हती, वाडीपर्यंत चालत गेलो, आणि वाटभर वाक्यं जुळवत होतो. तो ओट्यावर बसला होता. वाळला होता, पण मला बघून ताडकन उभा राहिला आणि पाय जुळवले. त्याची बायको रेणुका बाहेर आली. तिनं मला पाय धुवायला पाणी दिलं आणि माझ्या पायाही पडली. येतोय असं मी आधी कळवलं होतं, म्हणून स्वयंपाक तयार होता. साहेब जैन हैत म्हणून कांदा-लसूण न घालता आमटी केली होती तिनं. मी घरी कांदा खातो. तेसुद्धा बोललो नाही.

वाढता वाढता ती म्हणाली, “तुमी सांगितल्यालं त्येनी एक दिस चुकवलं न्हाय बघा. रोज सकाळी बसत्यात, डोळं मिटून. घामानं चिंब होत्यात, पर उठत न्हाईत.”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. इतकी वर्षं. मी त्याला सांगितलं होतं, आणि मी उस्ताद होतो, आणि उस्तादानं सांगितलं होतं की मला काही दिसत नाही. म्हणजे नीट बसणाऱ्याला दिसत नाही. ज्याला दिसतं त्याचं बसणं चुकतंय — पोरानं सरळ हाच अर्थ काढला होता. दुसरा कुठला काढणार?

जेवण झाल्यावर तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला. कोपऱ्यात घोंगडी चौघडी करून ठेवली होती. म्हणाला, “उस्ताद, माझंच कायतरी चुकतंय. तुमी जरा बघता काय?”

आणि तो बसला. मी सांगण्याआधीच त्यानं डोळे मिटले.

तेव्हा सांगायचं होतं. मी त्याच्यासमोर उभा होतो, खोलीत आम्ही दोघंच, वाटभर जुळवलेली वाक्यं तोंडात तयार. मी वाकलो. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “पाठ जरा ताठ ठेव. बाकी बरोबर हाय.”

त्यानं पाठ ताठ केली. कपाळावर घाम आला होता, तरी चेहऱ्यावर समाधान दिसलं. निघताना रेणुकानं नव्या तांदळाची पिशवी हातात दिली. ती मी घेतली. आम्ही तो भात खाल्लाही.

मग आता जाऊन का सांगत नाही, असं तुमच्या मनात येईल. मी स्वतःला एक कारण देत असतो — आता सांगितलं तर इतक्या वर्षांचं त्याचं बसणं मातीत जाईल, त्यापेक्षा राहू दे. ऐकायला बरं वाटतं ते. पण ते खरं नाही. तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघतो ती नजर मला गमवायची नाही. तेव्हा डोंगराची भीती होती, आता त्याची आहे. बाकी काही बदललेलं नाही.

मी त्यानंतर जांबोटीला गेलेलो नाही. आज सकाळीही हॉल भरला होता. मी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं, आणि त्या डोळे मिटलेल्या चेहऱ्यांकडे बघत बसलो. त्याच वेळेला तिकडे तोही बसला असेल, पाठ ताठ ठेवून.