खो-खोवाल्याच्या नावाने क्रिकेटचा चषक

नवरा जाऊन काही महिने होतात न होतात तोच आमच्या मराठी मंडळाचे सचिव घरी आले. फोटोसमोर हात जोडले, चहा घेतला आणि म्हणाले, “वहिनी, दादांच्या नावाने आपण चषक ठेवतोय. बॉक्स क्रिकेट. स्पॉन्सरही मिळालाय.”

“तो क्रिकेट खेळत नव्हता,” मी म्हटलं.

“माहीत आहे हो. पण खो-खोला टीम कुठून आणायच्या?”

सिंगापूरला, बेडोकमधल्या आमच्या ब्लॉकमागच्या गवतावर दर रविवारी संध्याकाळी तो मुलांना खो-खो शिकवायचा. मराठी मुलं, शेजारची तमिळ भावंडं, वरच्या मजल्यावरची चिनी मुलगी. खांब म्हणून दोन टोकांना जुन्या छत्र्या रोवायचा. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत चेंडू खेळायला बंदी असल्याची पाटी आहे. पाऊस आला की सगळ्यांना तिथे न्यायचा आणि पाटीकडे बघून म्हणायचा, “आपल्याकडे चेंडूच नाही.” मी बाकावर पुस्तक घेऊन बसलेली असे.

याच सचिवांकडे तो दर वर्षी गणपतीच्या आधी जायचा. उत्सवात मुलांचा एक सामना ठेवा, एवढंच मागणं. “दादा, हा खेळ झाला. आपला कार्यक्रम सांस्कृतिक आहे,” असं उत्तर मिळे. मग तो क्रीडादिनाचं विचारायचा. तिथे ऐकायला मिळायचं, “ते जरा गावाकडचं वाटतं हो. इथली मुलं टेनिस शिकतात.” स्टेजवर नऊवारी नेसून मुली रेकॉर्डवर नाचल्या की ती संस्कृती. दमलेल्याने पुढच्याच्या पाठीवर थाप मारून त्याला उठवायचं आणि आपण त्याच्या जागी बसायचं, हा खेळ मात्र यांच्या कुठल्याच खान्यात बसत नव्हता. घरी येऊन तो छत्र्यांच्या टोकांची माती पुसत बसायचा.

सचिवांनी कप खाली ठेवला. “बॅनरसाठी फोटो लागेल. हातात बॅट असलेला एखादा असेल तर उत्तम.”

मी ऐकून घेणारी बाई आहे. त्या दिवशी मात्र ऐकून घेतलं नाही.

“त्याचं नाव वापरायचं नाही.”

“वहिनी, ग्रुपवर टाकून झालंय. आता लोक काय म्हणतील?”

“मग मीच लिहिते. तुम्ही त्याला काय काय उत्तरं दिलीत, तेही लिहिते.”

“तुम्ही दुःखात आहात, मी समजू शकतो,” असं म्हणून ते उठले. मला अजूनही सगळ्यात जास्त चीड त्याच वाक्याची येते.

दुपारभर बसून मी चार ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. चषकाचं नाव बदललं. अनेकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मुलांचा सामना ठेवू, असं एकानेही लिहिलं नाही.

रविवारी मी छत्र्या घेऊन खाली उतरले. मुलं जमली, पण ओळीत बसायला एकजण कमी पडत होता. पुस्तक बाकावर ठेवून मी उकिडवी बसले. गुडघे दुखत होते, आणि डोक्यात सचिवांचंच वाक्य घोळत होतं. मागून चिनी मुलीची थाप पडली. “खो.” तिने तो शब्द अगदी त्याच्यासारखा, पोटातून काढला. मी बसूनच राहिले.

“आंटी,” ती वैतागून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “रन लाह.”

मी उठले.