राहिलेले आभार

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, स्टेजवर पाय कापायचे थांबावेत म्हणून काय करायचं? शाळेतल्या भाषणाला तीन आठवडे उरलेत म्हणालात. मी सांगायला लागले आणि तुमचं चित्र जागच्या जागी थांबलं, एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचा हात अर्धवट वर. मी बराच वेळ बोलत राहिले. मग कळलं की पलीकडे कुणीच नाही. म्हणून लिहून पाठवते. अक्षर लागलं नाही तर बाबांना विचारा.

बारामतीच्या कॉलेजात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे तुम्हाला वाटतं आजीला बोलायची भीती कधी नव्हतीच. वर्गात नव्हती. वर्गात टेबल असायचं, पुस्तक असायचं, हजेरीपट असायचा. माइकसमोर मात्र घसा सुकायचा. त्यावर माझा एकच उपाय होता. सगळं कागदावर लिहायचं आणि मान वर न करता वाचून टाकायचं.

निवृत्तीच्या निरोप समारंभातही मी तेच केलं. आभारांची यादी हुद्द्याप्रमाणे लावली होती. प्राचार्य, ग्रंथपाल, ऑफिसातली मंडळी, शिपाई. रोज सकाळच्या एसटीत माझी पिशवी धरून मला जागा करून देणारा कंडक्टरसुद्धा त्या यादीत होता. तिसऱ्या रांगेत नवं लुगडं नेसून तुमची मोठी आजी बसली होती, माझी थोरली जाऊ. तीस वर्षं मी सात वाजता घराबाहेर पडले, कारण माझ्या वाटणीचं घरकाम आणि रानातलं काम ती करत होती. तिचं नाव यादीत नव्हतं. मुद्दाम गाळलं असतं तर निदान लक्षात तरी राहिलं असतं. मी गाळलंही नव्हतं. घरातल्या माणसाला हुद्दा नसतो, म्हणून ते सुचलंच नाही.

परतीच्या गाडीत ती एवढंच म्हणाली, "वाचून दावायचं हुतं तर पोस्टानं धाडायचंस की. एवढी मान्सं कशाला गोळा केली?"

मी हसले. घरी आल्यावर कागद फाइलला लावताना चूक दिसली. तेव्हा तिला सांगायला तोंड उघडलं नाही, आणि नंतर रोजच उशीर होत गेला.

पुढच्या वर्षी इंदापूरच्या एका शाळेनं बक्षीस समारंभाला बोलावलं. मी नाही म्हणणार होते. जाऊबाई म्हणाल्या, "जा. पर आदी मला बोलून दाव." तोवर आम्ही दोघीच घरात उरलो होतो. तुमचे आजोबा आणि थोरले आजोबा गेलेले, मुलं पुण्यात, तुमचे बाबा तिकडे परदेशात. दुपारी ती ओसरीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडायला बसायची आणि मी खांबापाशी उभी राहून भाषण म्हणायचे.

"आदरणीय व्यासपीठ," मी सुरू केलं.

"व्यासपीठ काय बोलायचं न्हाय तुझ्याशी. फुडं चल."

"आजच्या या मंगल प्रसंगी..."

तिचे हात डाळीत भराभर चालले होते. मी दोन पानं संपवली.

"कसं झालं?"

"डाळ झाली निवडून," ती म्हणाली. "माझं हात थांबलं का एकदा तरी? जवा थांबतील तवा समज, तू बोलतीयास. तवर ह्यो कागद बोलतोय."

असे आठ-दहा दिवस गेले. मी कागदाचं टिपण केलं, टिपणाच्या चार ओळी केल्या. शेवटी कंटाळून कागद कोनाड्यात ठेवला आणि एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगू लागले. वर्षभर ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती आणि शेवटच्या दिवशी दारात उभं राहून तिनं मला चुकीच्या इंग्रजीत "उद्या येऊ नका" असं सांगितलं होतं. तिला म्हणायचं होतं, जाऊ नका. सुपातली बोटं थांबली.

"मग?" जाऊबाई म्हणाल्या. "तू काय म्हनलीस तिला?"

इंदापूरला मी ती गोष्ट सांगितली. पाय कापले, पण पडले नाही. त्यानंतर पाच-सहा ठिकाणी बोलले. प्रत्येक वेळी आधी ओसरीवर तालीम व्हायची. तिथं मला शंभर माणसांना नव्हे, दोन हातांना पटवायचं असायचं. ते अवघड होतं, पण मोजता येण्यासारखं होतं. एकच गोष्ट मी त्या खांबापाशी कधी बोलले नाही. राहिलेले आभार.

या वर्षी ती गेली. दहावा नरसिंहपूरला, संगमावर होता. आमच्याकडे दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतात. एकीकडे घाटावर पिंड मांडतात आणि कावळा शिवायची वाट बघतात; दुसरीकडे माइकवर एकेक जण उठून बोलतो. कावळा शिवला की भाषणं संपली, सगळे जेवायला उठतात. बोलतात ते पुरुष.

मी तुमच्या थोरल्या काकांना, म्हणजे तिच्या मुलाला, आदल्या दिवशी म्हणाले, "मला बोलायचंय."

"काकू, बायका कुठं बोलत्यात तितं?"

"बोलत नाहीत की कुणी विचारत नाही?"

त्यानं डोकं खाजवलं. "तसं न्हाय ओ. यादी लई मोठी हाय. शेवटाला घालतो तुमचं नाव."

यादीत शेवटी. मला राग आला नाही. मी तर तिला यादीतच घेतलं नव्हतं.

उन्हं वर आली तरी भाषणं चालली होती. प्रत्येकानं सांगितलं की माऊलीनं मुलं घडवली. मग मुलं काय करतात ते सांगितलं. एक तात्या उसाच्या भावावर गेले आणि परत आलेच नाहीत. तिच्याबद्दल कुणी बोलेना. बायका मागे झाडाखाली बसल्या होत्या. कुणी नातवंडांना दामटून बसवत होती. एक म्हातारी तळहातावर मिश्री घेऊन बोटानं सावकाश दात घासत होती. पिंडाशेजारी शेंगदाण्याची चटणी आणि कपभर चहा ठेवला होता, तिच्या आवडीचा. कावळे पिंपळावर बसून होते.

शेवटी माझं नाव पुकारलं. हातात कागद नव्हता. मी म्हणाले, "मी यांची धाकटी जाऊ. माझं एक भाषण बारामतीला अर्धं राहिलंय, ते आज पुरं करते."

तेवढ्यात मागून ओरडा झाला, "शिवला! शिवला!"

सगळे उठले. पायात चपला गेल्या. माइकवाल्यानं बटण बंद करून वायर गुंडाळायला घेतली. पूर्वीची मी असते तर हात जोडून खाली उतरले असते, आणि माझं भाषण रद्द झालं म्हणून मनातून सुटल्यासारखं वाटलं असतं.

"बसा," मी म्हणाले. "माझं व्हायचंय अजून."

आवाज वर्गातला होता. तो मलाच अनोळखी वाटला. पुढचे काही जण खरंच बसले. तात्या म्हणाले, "बसा रं, मॅडम हजेरी घेत्याल," आणि स्वतः जेवणाकडे गेले. बरेच गेले. मी उरलेल्यांकडे बघून माइकशिवाय बोलले.

मी सांगितलं की मला नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, ही सकाळी निघून गेली तर हिच्या वाटणीचं कोण करणार? त्या वेळी माझी जाऊ परातीत पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मी करते की दोघींचं. जाऊ द्या तिला." घरात त्यावर पुन्हा कधी चर्चा झाली नाही, आणि मीही त्याची आठवण काढली नाही. तिनं दोघींच्या भाकरी केल्या, दोघींचं खुरपलं. मी वर्गात उभी राहून जे बोलत होते, ते ती वाकून काम करत होती म्हणून. कॉलेजनं मला निरोप दिला त्या दिवशी मी कंडक्टरचे आभार मानले. तिचे मानले नाहीत. ती तिसऱ्या रांगेत होती.

एवढंच बोलले. मी झाडाखाली बघितलं. त्या म्हातारीचं बोट दातावरच थांबलं होतं. तिनं ते काढलं नव्हतं, हलवलंही नव्हतं.

पण जिचे हात थांबायला हवे होते ती नव्हती. हे मला खाली उतरल्यावर कळलं, पायरीवर चप्पल शोधताना. काकांनी चप्पल पुढे सरकवली आणि म्हणाले, "आईनं कवा सांगितलंच न्हाय ह्ये." मी म्हणाले, "ती सांगणारी नव्हती. ते माझं काम होतं."

पाहुणे दोन दिवसांत गेले. आता दुपारी ओसरीवर मी एकटीच असते. खांब आहे, कोनाडा आहे. कोनाड्यात इंदापूरच्या भाषणाचा कागद अजून आहे. सुपात तिनं अर्धी निवडलेली डाळ तशीच होती. बरेच दिवस तिला हात लावला नाही, मग किडे होतील म्हणून निवडायला घेतली. मला तिच्यासारखं जमत नाही. माझं लक्ष डाळीतच राहतं.

तर तुमच्या भाषणाचं. मला सांगण्यासारखं फार नाही. रविवारी फोन कराल तेव्हा एकेकानं उभं राहून म्हणून दाखवा. तुमची सकाळ म्हणजे माझी संध्याकाळ, तेव्हा ओसरीवर उजेड असतो. मी फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवीन आणि सूप मांडीवर घेईन. तुमचं इंग्रजी मला आता सगळं कळतं असं नाही. माझ्या तोंडाकडे बघू नका, आजी नेहमी छानच म्हणेल. हातांकडे बघा.