सहा मुक्काम

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा मी अकोल्याच्या कचेरीत कारकून होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. पटकीचे जुने कागद काढून, कोणत्या गावी पहिला माणूस कधी दगावला ते मी ओळीनं मांडलं होतं. रोग वाऱ्यानं येतो म्हणणाऱ्यांची मला कीव येई. तो कापसाच्या बैलगाड्यांबरोबर येत होता, दिवसाला एक मुक्काम. भाव चढण्याआधीच्या सालातलं प्रत्येक गाव माझ्या तक्त्यात बिनचूक बसलं. साहेबांनी पाठ थोपटली.

मेहुणीच्या लग्नासाठी बायकोला हिवरखेडला पोचवायला गेलो, तेव्हा खबर आली की आदल्या दिवशी अमरावतीत पटकी लागली. अमरावतीहून हिवरखेड सहा मुक्काम. म्हणजे अजून पाच दिवस हातात होते. लग्न तीन दिवसांवर.

मला कचेरीत परतायचं होतं. बायको म्हणाली, "गाड्या आता मुक्कामाले थांबून नाई राहिल्या म्हणतात. मी आजच येऊ का तुमच्यासंगं?"

"बैलाले तं थांबाच लागते," मी म्हणालो. "लगन पाहून ये."

पटकी दोनच दिवसांत आली. लग्नाच्या दिवशी माझी बायको गेली. निरोप आला तेव्हा मी कचेरीत होतो. हातातला कागद आधी पुरा केला, मग उठलो. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

सासरे अंगणात बसले होते. मांडव तसाच उभा होता. म्हणाले, "गाडीवान मुक्कामावर ताजे बैल जुपते अन् तसाच पुढं जाते. भाव उतराच्या आंधी दुसरी खेप पायजे ना त्याले. पोरीनं सांगतलं नाई का तुमाले?"

"सांगतलं," मी म्हणालो.

परत येऊन मी तक्ता दुरुस्त केला. दिवसाला एकाऐवजी दोन मुक्काम धरले. मग हिशेब कुठंच चुकला नाही. गावोगाव आधी सांगावा जाऊ लागला, लोक शेतात राहायला जाऊ लागले.

पुढच्या उन्हाळ्यात अकोटचा एक माळी कचेरीत आला. वांग्यांची टोपली माझ्यापुढं ठेवून पाया पडला. "तुमच्या कागदानं माही बायको वाचली, सायेब."

पटकी यायच्या किती आधी गाव सोडलं, मी विचारलं.

"दोन दिवस आंधी."

मी ते तक्त्यात टिपून घेतलं.