किंवा समतुल्य

सरकारी कागदाचा एक अलिखित नियम आहे. सही एकटी दुसऱ्या पानावर जाऊ द्यायची नाही. वर निदान दोन ओळी मजकूर पाहिजे. नाहीतर कोऱ्या पानावर नुसती सही, आणि तिच्या डोक्यावर कुणी काहीही लिहून घ्यावं. पंचवीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या हाडात हा नियम मुरलेला असतो. त्याच्यापायीच मी दोन शब्द कापले.

झालं असं, की आमच्या कार्यालयाला अंगणवाड्यांसाठी वजनकाटे घ्यायचे होते. तान्ही पोरं ठेवून वजन घेतात, ते. काटा कसा असावा हे लिहून काढणं माझ्याकडे होतं. मी जुन्या फाइलीतला मसुदा उतरवला. त्यात शेवटच्या मुद्द्यात नमुन्यादाखल एका कंपनीच्या काट्याचं नाव होतं, आणि पुढं 'किंवा समतुल्य'. या दोन शब्दांत सगळी निविदा असते. ते असले तर त्या तोडीचा काटा बनवणारा कुणीही येऊ शकतो, नसले तर एकच जण. हे मी नव्यानं लागलेल्यांना बोट नाचवून शिकवत असतो.

मसुदा छापला तर सही दुसऱ्या पानावर, एकटीच. अक्षर बारीक केलं, समास ओढला, पण एक ओळ काही हटेना. त्या ओळीवर दोनच शब्द होते. जेवायची सुट्टी झाली होती, डब्यात मेथी होती, आणि मेथी गार झालेली मला चालत नाही. शब्द काढले. सही सुळकन वर आली, पान कसं देखणं दिसायला लागलं. साहेबांनी ते वाचलंच नाही, सही केली. पान देखणं असलं की वाचत नाहीत.

आता खरेदीवर राज्याची नजर असते. पूर्वी प्रत्येक जिल्हा आपल्या मनानं घ्यायचा, आणि एकाच वस्तूचं वर्णन आठ जिल्ह्यांत आठ तऱ्हांचं असायचं. म्हणून मुंबईत एक समन्वय कक्ष बसला. सगळ्यांचे मसुदे त्यांच्याकडं जातात, ते तपासतात, आणि त्यातला बरा निवडून सगळ्यांना धाडतात, की हाच वापरा. कल्पना चांगलीच आहे. मी आजही तसंच म्हणेन.

पंधरा दिवसांनी कक्षाचं परिपत्रक आलं. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांनी सोबतच्या नमुन्याप्रमाणे निविदा काढाव्यात. नमुना उघडला, तर तिसऱ्या मुद्द्यात 'तंतोतंत'च्या जागी 'तंतोतत' लिहिलेलं. ती चूक माझी, मी ती कुठंही ओळखीन. आधी मला, खोटं कशाला सांगू, अभिमानच वाटला. आपला मसुदा मराठवाडाभर चालला म्हणून शेजारच्या टेबलावर चहा सांगितला. मग शेवटचा मुद्दा वाचला, आणि तो चहा मला गेला नाही. दोन शब्द नव्हते. एकट्या माझ्या नाही, आठ जिल्ह्यांच्या निविदांत नव्हते. तपासणाऱ्या सगळ्यांनी तंतोतंत तपासून 'तंतोतत' तसंच ठेवलं होतं.

मी साहेबांकडं गेलो, दार लोटून घेतलं, आणि सांगून टाकलं.

साहेबांनी चष्मा काढला. "कुणाला बोललात?"

"तुम्हालाच."

"मग इथंच ठेवा. खाली होती तोवर ती चूक होती. आता वरून आलीय, आता ते धोरण आहे."

"शुद्धिपत्रक काढता येईल, साहेब. दोन शब्दांचं."

"आठ जिल्ह्यांत? कशामुळं म्हणून लिहिणार? मेथीच्या भाजीमुळं?" ते हसले. मीही हसलो. आपण का हसतोय हे मला कळत नव्हतं. त्यांना कळत असावं.

तो गुरुवार होता. शनिवारी सकाळी पुंडलिकनगरच्या आमच्या घराची बेल वाजली. दारात इस्त्रीच्या शर्टातला एक गोड बोलणारा माणूस, हातात खोकं.

"सर, इधर से जा रहा था, म्हटलं सलाम करून जावं. भाभीजी, नमस्ते." त्यानं कंपनीचं नाव सांगितलं. माझ्या मसुद्यातलंच नाव. बायकोनं पाहुणा म्हणून चहा टाकला. मी पाहुणा म्हणून घाम पुसत बसलो.

चहा पिऊन तो उठला. खोकं सोफ्याशेजारीच होतं.

"हे राहिलं तुमचं," मी म्हणालो.

"नमुना आहे सर. बघा, वापरा." चपला घालता घालता तो माझ्याकडं वळला. "और दोन शब्दांसाठी जिवाला त्रास करून घेऊ नका. काही होत नाही."

तो गेला. मी दारातच उभा. दोन शब्दांचं मी एकाच माणसाला बोललो होतो, तेही दार लोटून.

बायकोनं खोकं फोडलं. तिची भावजय करमाडला अंगणवाडी सेविका आहे, त्यामुळं हा काटा तिच्या ओळखीचा. "वहिनीकडं असाच आहे, पण जुना," म्हणत तिनं तो ओट्यावर ठेवला आणि किराण्यातला साखरेचा किलोचा पुडा त्यावर टेकवला. काट्यानं सव्वा किलो दाखवलं.

"दुकानदार लई मायाळू आहे वाटतं," मी म्हणालो.

तिनं तांदळाचा किलोचा पुडा ठेवला. सव्वा किलो. मिठाचा ठेवला. तेच. मग ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"अहो, वहिनीकडं वजन कमी भरलं की पोराला लाल खूण करतात. मग त्याला जास्तीचा खाऊ, डॉक्टर, समदं सुरू होतं."

"व्हय."

"याच्यावर ठेवलं तर एकही पोर लाल व्हायचं नाय. उपाशी पोर बी बाळसं धरंल, कागदावर." तिनं पुडा उचलला. "किती जिल्ह्यांत जाणार म्हणालात?"

मी सांगितलं.

सोमवारी मी टिपणी लिहिली. पहिल्या वाक्यात माझी चूक, दुसऱ्यात शुद्धिपत्रकाची विनंती, तिसऱ्यात 'नमुना काटा वजन जास्त दाखवतो, तपासणी व्हावी'. नमुना कुठून आला, कोण आलं होतं, यातलं अक्षरही लिहिलं नाही. तेवढी शूरता माझ्यात नाही. समन्वय कक्षाला ईमेल केली, प्रत साहेबांना. साहेबांनी दुपारी मला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जिन्यात समोर आले तेव्हा मोबाइलकडं बघत बाजूनं गेले.

बुधवारी मुंबईहून फोन आला. आवाज अगदी मऊ होता. "टिपणी मिळाली. प्रत आणखी कुणाकुणाला दिलीय?" मी म्हणालो, साहेबांनाच. "बरं," म्हणाला, आणि ठेवला. काटा खरा का खोटा, हे त्यानं विचारलंच नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या नावाचं बंद पाकीट आलं. कारणे दाखवा नोटीस. सदर दोन शब्द आपण हेतुपुरस्सर वगळले, असे का समजण्यात येऊ नये. आपला खुलासा समाधानकारक वाटल्यास शुद्धिपत्रकाचा विचार करण्यात येईल. तोपर्यंत निविदा आहे तशी सुरू राहील. इथपर्यंत मी उभ्यानं वाचलं. पुढच्या परिच्छेदाला खुर्ची ओढली. 'पुरवठादाराचा प्रतिनिधी आपल्या निवासस्थानी आल्याचे, तेथे चहापान झाल्याचे व त्याने एक वस्तू ठेवून घेतली गेल्याचे निदर्शनास आले आहे.' घाईत टाइप केलेलं वाक्य होतं, व्याकरण मोडलेलं. पण चहा बरोबर होता.

आमच्या घरात त्या सकाळी तीन माणसं होती. दोघं आम्ही.

घरी आलो तेव्हा काटा ओट्यावर नव्हता. तिनं तो पलंगाच्या पेटीत, रजयांच्या खाली घातला होता. नोटीस तिनं सावकाश वाचली, चहापानापाशी थांबली, पुन्हा वाचली. मी समोर बसून खुलाशाचं पहिलं पान लिहीत होतो. दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा आटोपशीर जमलं; काट्याचा परिच्छेद तेवढा लांबत होता, तो काढला तर सगळं एका पानात बसत होतं, सहीसकट. मी तसं तिला म्हणालोही.

तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं, आणि पुन्हा माझ्याच हातात दिलं.

"परिच्छेद राहू द्या," ती म्हणाली. "चहा मी केला होता, ते बी लिहा. सही गेली एकटी दुसऱ्या पानावर तर जाऊ द्या तिला. या बारीला शब्द कापू नका."