हुरड्याचा पहिला घास
आगटीत भाजणाऱ्या ज्वारीच्या कणसांचा वास आला की पाटोद्याजवळचं भावाचं शेत आठवतं. छातीतल्या एका रक्तवाहिनीचा अन्ननलिकेला जन्मापासूनच वेढा, त्यामुळे माझ्या लहानग्या मुलीला घास अडकायचा. मी सगळं मिक्सरमधून काढून भरवायचे. अंबाजोगाईला निदान झालं, पुण्यात ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, "आता काहीही खाऊ द्या." तरी माझा धीर होईना. त्या हिवाळ्यात शेतावर हुरडा खायला गेलो, तेव्हा भावानं तळहातावर चोळलेला गरम हुरडा तिनं मी अडवायच्या आत तोंडात कोंबला. मी पाण्याचा तांब्या उचलला. तिनं सावकाश चावलं, गिळलं आणि हात पुढे केला, "मामा, आजून दे की!" भाऊ हसला, "ताई, ठिव तो तांब्या खाली. लई घाबरतीस बग." आता ती हॉस्टेलवर असते. फोनवर मी "जेवलीस का?" एवढंच विचारते.