रायफल अडली की मावशी

"आधी बोट काढ, मग बोल." कुणाची रायफल अडली की मावशी हेच म्हणायच्या. बोट ट्रिगरवरून बाजूला, नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे. तक्रार त्यानंतर.

मावशी मूळच्या नागपूरच्या. अमेरिकेत ॲन आर्बरच्या एका हॉस्पिटलात त्या भूलतज्ज्ञ होत्या. रिटायर झाल्यावर बरोबरीच्या काकू योगाच्या क्लासला गेल्या, मावशी मात्र गावाबाहेरच्या शूटिंग रेंजवर. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली आणि मीही शनिवारी जायला लागलो. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल, बिघाड दिसला की जिचा चेहरा उजळतो.

सेमी-ऑटोमॅटिक रायफल रिकामं काडतूस स्वतःच बाहेर टाकते आणि नवं आत घेते. माझी मात्र मध्येच अडायची. एकदा वैतागून मी गोळ्या भरायचं मॅगझिन, गोळ्या, तेल सगळं एकदम बदललं. ती चालली.

"दोष कशात होता?" मावशींनी विचारलं.

"काय माहीत! चालतेय ना आता."

"असं नसतं रे. एका वेळी एकच बदल कर."

त्यांनी सगळं पुन्हा जुनं लावायला लावलं. तासाभराने एका मॅगझिनची ढिली स्प्रिंग सापडली. त्यांनी पर्समधून नेलपॉलिश काढून त्यावर लाल फुली मारली.

गेल्या हिवाळ्यात त्यांचीच रायफल बिघडली. मॅगझिन लावलं की पहिली गोळी नीट आत जाईना, ती आत ढकलणारा बोल्ट अर्ध्यातच थांबायचा. एका शनिवारी त्यांनी मॅगझिन बदललं, पुढच्या शनिवारी गोळ्या, मग सगळी साफसफाई केली. फरक नाही. चौथ्या शनिवारी म्हणाल्या, "तू चालव."

माझ्या हातात ती एकदाही अडली नाही. त्यांच्या हातात पुन्हा अडली.

मावशी हाताकडे बघत राहिल्या. "बोल्ट मागे ओढून झटकन सोडायचा असतो. मी सोडतच नाहीये. बोटं उघडायला उशीर करताहेत."

"थंडी केवढी आहे, मावशी."

"थंडी तुलाही आहे."

त्यांनी मॅगझिन काढलं, रायफल रिकामी असल्याचं दोनदा पाहिलं आणि ती केसमध्ये ठेवली. "सोमवारी न्यूरॉलॉजिस्टला फोन करते. आत्ता गाडी तू ड्राइव्ह कर."

पार्किन्सन्स निघाला. उन्हाळ्याआधी मुलगी त्यांना कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला घेऊन गेली.

परवा रेंजवर एका म्हाताऱ्या अमेरिकन मेंबरची रायफल अडली. "डॉक कुठे आहे?" त्याने विचारलं. रेंजवर सगळे मावशींना डॉकच म्हणायचे. मी सांगितलं. मी मदत करू का, असं विचारलं, तर मान हलवून नको म्हणाला. मग रायफल केसमध्ये घालून, शूटिंग न करताच घरी गेला.